काकींची हलवाहलव

काकींना बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी आठवतात त्या उभ्याच, नाहीतर चालताना. चहा उभ्याने, भाजी निवडणं उभ्याने. टीव्हीवरची मालिकासुद्धा दाराच्या चौकटीला टेकून बघायच्या आणि जाहिराती लागल्या की बागेत एक फेरी मारून यायच्या. "बसलं की गंज चढतो," असं त्यांचं म्हणणं. काका, म्हणजे त्यांचे यजमान, कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीतच असायचे. काकींचं वाक्य कानावर आलं की ते शांतपणे आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत, गंज कुठवर आलाय ते चाचपून बघितल्यासारखा.

मी अकोल्याकडचा. बोईसरला औषधाच्या एका कंपनीत, लॅबमध्ये नोकरी लागली आणि शेजारच्या सरावली गावात काकींच्या चाळीत मी खोली घेतली. चाळ म्हणजे एका रांगेत बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या. काकी इथल्याच. त्यांच्या सासऱ्यांची भातशेती कधीकाळी औद्योगिक वसाहतीसाठी गेली, उरलेल्या पट्टीवर काकांनी खोल्या बांधल्या. शेतीबद्दल काकी कधी बोलत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "गेली ती गेली. तू दुपारचं जेवला काय?"

खोली घेऊन महिनाही झाला नसेल. एकदा कामावरून आलो तर माझ्या खोलीला दुसरंच कुलूप आणि माझं सामान शेजारच्या खोलीत. गादी घातलेली, भांडी मांडणीवर लावलेली, देवाचा फोटोसुद्धा खिळ्याला टांगलेला.

"काकी, हे काय?"

"तुझी रातपाळी असते ना? त्या खोलीत सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं. झोप कशी लागंल? इथं बरं हाय."

"पण विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाय म्हणाला असता."

नव्या खोलीत झोप खरोखरच चांगली लागली, त्यामुळे तर मला जास्तच राग आला.

काकींचा हात कशालाच एका जागी राहू देत नसे. डबे, कॉट, भाडेकरू, सगळ्यांची हलवाहलव चालायची. आणि सर्वांत जास्त झाडांची. चाळीच्या मागे मोकळा प्लॉट होता. आजूबाजूच्या चाळी आणि दोन-तीन मजली बिल्डिंगा ज्या लेआउटमध्ये उभ्या राहिल्या, त्या लेआउटची ती सामायिक मोकळी जागा. मी यायच्या आधी तिथे फुटके ड्रम, थर्माकोल, काचा, सगळ्या वस्तीचा कचरा असे. काकींनी एका पावसाळ्याआधी एकटीने तो उपसायला सुरुवात केली. डोक्यावर काकांचं कारखान्यातलं पिवळं हेल्मेट, अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल. लोक हसले. मग एकेक जण मदतीला आला. बाग झाल्यावर काकींनी प्रत्येक घराला एकेक वाफा दिला. कंपनीत क्रेन चालवणारे पांडेजी बनारसकडचे, त्यांनी भेंडी आणि दुधी लावला. जळगावकडच्या एक वहिनी होत्या, त्यांचे यजमान पॉवर प्लांटात ठेकेदाराकडे कामाला. त्यांनी भरताची वांगी लावली. डोंगराकडून हंगामात कामाला येणाऱ्या बायका कणगा आणि करांदे हे कंद देऊन गेल्या, तेही मातीत गेले. वारा वसाहतीकडून आला की आमच्याकडे खिडक्या लावून घ्याव्या लागत. पण मागच्या दाराने बागेत उतरलं की मोगऱ्याचा वास असे, आणि पोरांना धावायला जागा असे. संध्याकाळी बायका तिथे उभ्याउभ्या तास-तास बोलत.

पण वाफा दिला म्हणजे काकींनी तो सोडला असं नव्हे. पांडेजी पाळीवरून आले की त्यांच्या दुधीचा मांडव दुसरीकडे गेलेला असायचा. कुणाची मिरची उन्हातून सावलीत, कुणाची तुळस सावलीतून उन्हात. मालक भांडायला आला की काकी म्हणत, "तिथं जगली नसती." मग शब्दाला शब्द वाढायचा आणि काकी अबोला धरायच्या. त्यांचा अबोला मोठा शिस्तीचा. ज्याच्याशी अबोला त्याच्याशी बोलायचंच असेल तर त्या तिसऱ्याकडे बघून बोलायच्या. तिसरा नसेल तर बागेतल्या शेवग्याकडे बघून. मी राहत होतो त्या काळात अर्ध्याहून जास्त वस्ती शेवग्यामार्फतच त्यांच्याशी बोलत होती.

अशात एका सकाळी बागेत फक्कीच्या पांढऱ्या रेघा उमटल्या. कुणीतरी टेप धरून, वाफे तुडवून, मोजणी करून गेलं होतं. रस्त्याच्या बाजूला बोर्ड लागला. त्यावर बाल्कन्यांची उंच इमारत, समोर हिरवळ, हिरवळीवर आमच्या वस्तीत कधीही न दिसलेली गोरीगोमटी माणसं. काकी हेल्मेट घालून त्या बोर्डासमोर येरझाऱ्या घालत होत्या. दोन पावलं पुढे, दोन मागे. मग बागेत शिरून त्यांनी पायानेच एक रेघ पुसली.

दोन-तीन दिवसांनी बिल्डरचा माणूस आला. बोलायला गोड, चकचकीत बूट. काकींनी त्याला चहा दिला. तो खुर्चीत, काकी उभ्या, मी ओट्याच्या पायरीवर.

"काकी, तुमच्यासारख्या जुन्या माणसांचे आशीर्वाद हवेत. तुम्हाला पहिल्या मजल्यावर घर देऊ. बागेच्या बाजूचं."

"बाग कुठं ऱ्हाणार?"

"समोर लॉन होणार ना."

"लॉनवर दुधी लावता येतो काय?"

तो हसला. काकी हसल्या नाहीत. मागे बागेत गेल्या, पांडेजींच्या मांडवावरचा एक भलामोठा दुधी आणून त्यांनी त्याच्या हातात दिला. "घरी न्या. बाईला सांगा, कोवळा हाय, साल काढू नको." नको म्हणायची सोय नव्हती. दुधी काखेत मारून, बूट चिखलातून सांभाळत तो गेला. संध्याकाळी पांडेजींनी दुधीची चौकशी केली. काकींनी शेवग्याला सांगितलं की पाहुणा आला होता.

जागा सपाट करायला मशीन येणार असं कळलं तेव्हा काकींनी बागेत सभा बोलावली. वस्तीतल्या पोरांना सगळीकडे पिटाळून निरोप दिला. ठरल्या वेळी आलो मी, आणि काका. काका आपली खुर्ची घेऊन आले होते. आम्ही दोघं वाट बघत राहिलो आणि काकी रस्त्यापर्यंत जाऊन परत येत राहिल्या. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांतून लोक दिसत होते. सगळ्यांना सभा माहीत होती. कुणी खाली उतरलं नाही.

"येतील," काकी म्हणाल्या.

"कसे येतील?" काका म्हणाले. काका दिवसभरात फार थोडं बोलत, त्यामुळे ते बोलले की ऐकू येई. "तू बोलतेस कुणाशी?"

काकी थांबल्या. चेहऱ्यावर एकदम लाली चढली. मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "चल."

त्या संध्याकाळी आम्ही वस्तीभर फिरलो. माझी दिवसपाळी होऊन मी थकलो होतो, पण काकींच्या हातातून मनगट सुटत नव्हतं. पहिलं दार पांडेजींचं. त्यांनी दार उघडलं, काकींना बघून माझ्याकडे वळले. काकीही माझ्याकडे वळल्या.

"ह्यांना सांग, परवा सकाळी ते मशीन आणणार हायत. बागेत या म्हणावं."

"इनसे पूछो, मेरा मंडप किसने तोड़ा था?"

"सांग, मांडव वाकडा होता."

"बोलो, हवा से टेढ़ा हुआ था. हम इतवार को सीधा करने वाले थे."

"मंग तसं बोलायचं ना!"

"आपने पूछा कब?"

हे शेवटचं त्यांनी थेट काकींना विचारलं. मग माझी गरज उरली नाही. दारात उभं राहून दोघं मांडव, दुधी, आणि फार पूर्वीच्या कुठल्याशा पाण्याच्या पाइपावरून कडकडून भांडले. भांडण संपल्यावर पांडेजींचा आवाज खाली आला. "काकी, हम ठहरे किरायेदार. आज यहाँ, कल कहीं और. हमारी कौन सुनेगा?"

"माझी तरी कोन ऐकतो? जागा माझी पन नाय," काकी म्हणाल्या. "पन भेंडी तुमची हाय का नाय?"

प्रत्येक दारी हेच. काकींनी कुणाचीही माफी मागितली नाही. जिथे भांडण सोडलं होतं तिथून उचललं, शेवटपर्यंत नेलं, आणि निघताना "परवा सकाळी" एवढं म्हटलं. एका घरात तर काकींची चूकच नव्हती असं निघालं. तिथे त्या इतक्या खूश झाल्या की परवाचं सांगायलाच विसरल्या, मला परत धावत जाऊन सांगावं लागलं. काही लोक सरळ बोलले. एक जण म्हणाला, "काकी, आम्ही किती वर्षं पत्र्याखाली राहायचं? इमारत झाली तर आम्हालाही घर मिळेल की." तिथून निघताना काकी स्वतःशीच पुटपुटल्या, "घर हवंच हाय. पन हितंच कशाला? पलीकडं रान मोकळं पडलंय." वाटेत त्या दोनदा अडखळल्या. त्या माणसाचं म्हणणं त्यांना लागलं होतं.

शेवटचं दार जळगावच्या वहिनींचं होतं. त्यांनी बागेत पाऊल टाकणं बंद केलं त्याला बराच काळ झाला होता. कारण वस्तीला माहीत होतं, म्हणजे तसं वाटत होतं. वहिनींनी भिंतीच्या कोपऱ्यात सोनचाफ्याचं रोप लावलं होतं. काकींनी ऐन उन्हाळ्यात ते उपटून दुसरीकडे लावलं आणि ते वाळलं. तेव्हापासून वहिनी भाजी आणायलासुद्धा लांबच्या रस्त्याने जात. "एका रोपावरून एवढा राग!" असं काकी म्हणायच्या.

वहिनींनी दार उघडलं. "या," असं मला म्हणाल्या. काकींना नाही.

काकी माझ्याकडे वळल्या. "हिला सांग, त्या कोपऱ्यात वांग्यावर सावली पडत होती. म्हणून हलवला."

वहिनी माझ्याकडेच बघत राहिल्या.

"सांग, दुसरा लावून देते. दोन देते."

"भाऊ," वहिनी मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, दुसरा नको." आवाज अगदी सपाट होता. "मी सातव्या महिन्यात दवाखान्यात होते. मोकळ्या हाताने परत आले. घरात कुणी त्यावर बोलायचं नाही असं ठरलं. कुठंतरी काहीतरी लावावं वाटलं, म्हणून तो चाफा लावला होता." मग त्या काकींकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

काकी खाली बसल्या. उंबऱ्याशी, चपलांच्या शेजारी, पाय बाहेर सोडून. जिन्यातून जाणाऱ्या एका बाईला वाटलं त्यांना चक्कर आली, ती पाणी आणायला धावली. मला कुठे बघावं कळेना. काकींचे हात मांडीवर पडून होते. ते हात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते.

मग त्यांनी विचारलं, "मुलगी होती?"

"हो."

"नाव ठेवलं होतं?"

वहिनी दाराला धरून उभ्या होत्या. हा प्रश्न त्यांना बहुधा कुणीच विचारला नव्हता. त्यांनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. काकींनी ते एकदा हळूच म्हणून बघितलं. मग भिंतीचा आधार घेत उठल्या आणि जिना उतरू लागल्या. परवाबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. सोबत एक टेम्पो, त्यात पत्रे आणि खांब, आणि तो गोड बोलणारा माणूस. काकी हेल्मेट घालून बागेच्या तोंडाशी उभ्या. काका खुर्चीत, खुर्ची बरोबर रस्त्याच्या मधोमध. पांडेजी आले होते, पण कुंपणापाशी रेंगाळत होते. आणखी काही लोक आले होते, तेही बाजूबाजूला. येऊन गेलो म्हणायला मोकळे, इतपतच पुढे. बिल्डरचा माणूस प्रत्येकापाशी जाऊन हळू आवाजात बोलत होता. कुणाच्या खांद्यावर हात, कुणाला मोबाइलवर काही दाखवणं. एक जण घड्याळ बघून निघून गेला. त्याच्या मागे दुसरा. मलाही कामावर जायचं होतं आणि खरं सांगायचं तर जावंसंही वाटत होतं.

तेवढ्यात वहिनी आल्या. ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला, नुकत्याच न्हाऊन निघालेल्या. त्यांनी काकींकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. सरळ जेसीबीच्या पुढून बागेत शिरल्या, भिंतीच्या त्या कोपऱ्यात गेल्या, आणि तिथे उभ्या राहिल्या. तिथे आता काही नव्हतं. नुसती माती. काकींनी वांगी केव्हाच दुसरीकडे हलवली होती.

वस्तीत काकींशी सर्वांत मोठं वैर कुणाचं, तर वहिनींचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्या आत जाऊन उभ्या राहिल्या म्हटल्यावर कुंपणापाशी रेंगाळणाऱ्यांची पंचाईत झाली. पांडेजी आधी हलले. जाऊन आपल्या भेंडीच्या वाफ्यात उभे राहिले. मग त्यांची बायको. मग समोरच्या बिल्डिंगमधून माणसं उतरायला लागली आणि जो तो आपापल्या वाफ्यात. मला स्वतःचा वाफा नव्हता. मी शेवग्याखाली उभा राहिलो. जेसीबीच्या ड्रायव्हरने बिल्डरच्या माणसाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं. "साहब, आदमी के ऊपर थोड़ी चलाऊँगा," असं म्हणून तो खाली उतरला आणि तंबाखू मळू लागला.

पुढे बरंच झालं. काही महिने आम्ही आळीपाळीने पालघरजवळ कोळगावला, जिल्हा कार्यालयाच्या त्या मोठ्या इमारतींत चकरा मारल्या. काकी तिथल्या बाकावर बसत नसत. साहेबांच्या दाराबाहेर इतक्या फेऱ्या घालत, की शिपायाने एकदा कळवळून साहेबांना सांगितलं, आधी ह्या बाईंना आत घ्या, मला बघवत नाही. आधी काम थांबवण्याचा हुकूम आला. शेवटी निकाल लागला की ती लेआउटची मोकळी जागा आहे, तिथे इमारत होणार नाही. बोर्ड उतरला. त्या दिवशी सगळ्या वाफ्यांतली भाजी एकत्र करून जेवण झालं. वहिनींनी भरीत केलं. काकी वाढत होत्या.

आणि मग काय झालं, तर बाग खरोखरच वाचली. इतकी वाचली की जागेवर कुणाची पुन्हा नजर जाऊ नये म्हणून पंचायतीने ती ताब्यात घेतली. लोखंडी कुंपण आलं, गेट आलं, सकाळ-संध्याकाळच्या वेळा ठरल्या. फिरायला पेव्हर ब्लॉकची वाट, बसायला बाकडी, मधोमध सिमेंटचं हरिण. वाफे गेले. गेटवर पाटी लागली: झाडांना हात लावू नये. वस्तीला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? पोरांना घसरगुंडी मिळाली, म्हाताऱ्यांना बाकडी मिळाली. पांडेजी म्हणाले, जगह तो बची. वहिनी संध्याकाळी तिथे चालायला जायला लागल्या. काकी एकदाच आत गेल्या. हात पाठीमागे बांधून त्या वाटेवरून एक चक्कर मारून आल्या आणि काकांना म्हणाल्या, "चांगली केलीय." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं काकांनी मला नंतर सांगितलं.

नंतर माझं लग्न झालं, पगार वाढला, आणि पालघरला मी फ्लॅट घेतला. सातवा मजला, नवी इमारत. काकींना पत्ता दिला होता. काका गेल्याचं कळलं तेव्हा जाऊन आलो, तेवढंच. मग परवाच्या रविवारी बेल वाजली आणि दारात काकी. एकट्या, बोईसरहून. खांद्याला पिशवी. बारीक झाल्या होत्या, पण चप्पल काढता काढताच त्यांनी आमची चपलांची मांडणी डावीकडून उजवीकडे सरकवली. बायकोने डोळे मोठे केले. मी तिला खुणेनं म्हटलं, असू दे.

चहा घेऊन त्या बाल्कनीत गेल्या. मीही गेलो. खाली आमच्या आणि पलीकडच्या इमारतीच्या मध्ये एक मोकळा तुकडा आहे. गवत वाढलेलं, बांधकामाचा राडारोडा, फुटके कमोड. आम्ही येऊन दोन पावसाळे झाले, मी तिकडे कधी नीट बघितलंही नव्हतं.

"ती जागा कुनाची?"

"माहीत नाही, काकी."

"शेजारी कोन ऱ्हातं?"

"तेही... म्हणजे दिसतात कधीकधी लिफ्टमध्ये."

काकींनी कप कठड्यावर ठेवला. "खाली जाऊन वॉचमनला विचारून ये."

मी खाली गेलो. वॉचमनला काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, सेक्रेटरींना विचारा. सेक्रेटरी कोण, ते मला माहीत नव्हतं. मी परत वर आलो. लिफ्टचं दार उघडलं तर आमच्या मजल्यावरची सगळी दारं उघडी होती. एक म्हातारे गृहस्थ बनियनवर बाहेर आले होते, एका बाईच्या हाताला कणीक लागलेली होती, एक मुलगी कानातला हेडफोन काढून ऐकत होती. मध्ये काकी उभ्या होत्या आणि माझी बायको त्यांच्या शेजारी. मी त्या सगळ्यांना पहिल्यांदाच असं एकत्र बघत होतो. त्यातल्या एकाही शेजाऱ्याचं नाव मला माहीत नव्हतं.

"हा आला," काकी त्यांना म्हणाल्या. "ह्याला विचारा, खाली काय म्हनतात."